संगणकातलं खोटं बाळ

धाकट्या जाऊबाईंना कळा सुरू झाल्या तेव्हा मी त्यांच्या उशाशी होते. पोटाला पट्टे बांधलेले, शेजारच्या यंत्रातून कागद सरकतोय, आकडा 130. आम्ही निश्चिंत! तेवढ्यात नर्सबाईंनी जाऊबाईंचं मनगट धरलं नि घड्याळाकडे पाहू लागल्या. “अहो, ठोके बाळाचे बघायचेत ना?” मी विचारलं. “ते बाळाचेच आहेत ना, हेच बघतेय,” त्या म्हणाल्या.

बाळाचे ठोके साधारण मिनिटाला 110 ते 160 पडतात. आईचे एरवी कमी. पण जोर करताना तिची नाडीही तेवढी चढू शकते. मग यंत्र कधीकधी आईचेच ठोके बाळाचे म्हणून दाखवतं. बाळ कासावीस झालेलं असावं आणि कागदावर सारं आलबेल!

दुसरी रीत म्हणजे आईच्या पोटावर चकत्या चिकटवून बाळाचा ईसीजी घेणं. जर्मनीत माक्स क्रेमर यांनी 1906 मध्ये तो नोंदवला. पण आईच्या हृदयाचा जोर मोठा, त्यात स्नायूंची खरखर. वरातीच्या बँडमध्ये पैंजणांचा आवाज ऐकण्यातलाच प्रकार! सातव्या-आठव्या महिन्यात तर बाळाच्या अंगावरचा लोण्यासारखा थर हे संकेत आणखीच अडवतो.

बरं, यंत्रानं वेगळा काढलेला ठोका बाळाचाच, हे तपासायचं कसं? खरं उत्तर तर पोटात. म्हणून संशोधकांनी खोटं बाळ रचलं, संगणकात. 2003 मध्ये मॅकशॅरी आणि सहकाऱ्यांनी हृदयाचा आलेख गणितानं काढायची पद्धत मांडली. पुढे 2014 मध्ये आई-बाळाचे आलेख एकत्र कालवणारा ‘एफईसीजीसिन’ प्रोग्रॅम आला, तोही फुकट. बाळाचं फिरणं, कळा, जुळी, खरखर, हवं ते घाला. आमटीत मीठ किती घातलं हे आपल्याला ठाऊक असलं की चव सांगणाऱ्याची परीक्षा घेता येते, तसंच हे. यंत्र चुकलं तर तिथंच कळतं, कुणाच्या जिवाशी खेळ नाही.

अर्थात खोटं बाळ फार गुणी. सांगितलं तेवढंच करतं. खऱ्याचं तसं नसतं, तेव्हा खऱ्या आयांवरची तपासणी काही सुटत नाही.

आणि हो, ठोके ऐकायचं छोटं यंत्र हल्ली घरीही आणतात. बाळाची हालचाल कमी वाटली, तर “ठोका ऐकू येतोय की” म्हणून थांबू नका. रात्र असली तरी तडक दवाखाना गाठा.

जाऊबाईंची नाडी 92 भरली. कागदावर 130. तेव्हा कुठे नर्सबाईंनी मनगट सोडलं.