नाला सकाळी, पुळण ओहोटीला

भूम तालुक्यातल्या ईटहून कुठल्याही वाटेने निघालं तरी समुद्र तीनशे किलोमीटरच्या पलीकडे. कच्छचं रण त्याहून लांब, आणि लडाख तर देशाच्या दुसऱ्या टोकाला. मोटरसायकल काढून एकट्यादुकट्याने या तिन्हीकडे जायचं मनात असलेले लोक निघण्याआधी बोलतात ते गाडीबद्दल: किती सीसी, टायर कुठला, सामानाच्या पिशव्या कशा बांधायच्या. माझ्या मते पहिला प्रश्न वेळेचा विचारायला हवा. आमच्या तालुक्यात खव्याच्या भट्ट्या आहेत, तिथे उभं राहिलेल्याला हे पटायला जड जाणार नाही. दूध घट्ट होऊ लागल्यावर दोन मिनिटं हात थांबला तर कढई कितीही चांगली असो, खवा बुडाला लागतो.

समुद्रापासून सुरुवात करू, कारण त्याची वेळ आपल्या भिंतीवरच्या कालदर्शिकेत छापलेली असते. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीन. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्यामागून तेवढीच मागे सरकते. तो उशीर गुणाकाराला सोपा म्हणून पाऊण तास धरला आहे. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात हा आडाखा चांगला जुळतो. दक्षिणेकडे मालवणपर्यंत गेलात तर भरती याहून लवकर येते, म्हणून तिथे स्थानिक कोळ्यालाच विचारावं.

वेळेइतकंच महत्त्व पाण्याच्या उंचीला आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं; तेव्हा पाणी फार चढतं आणि फार उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग. तेव्हा चढ-उतार दोन्ही कमी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जाता येतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण उधाणाच्या दिवसांत वाट जशी उघडी पडते तशी भांगाला पडेलच असं नाही, आणि किल्ल्यात रेंगाळलेल्याला पाणी परत फिरलेलं कळत नाही. ओहोटी पूर्ण होण्याच्या थोडं आधी निघावं आणि पाणी वळलं की परतावं.

पुळणीवर गाडी घालण्याचा मोह मात्र आवरावा. ओली घट्ट वाळू रस्त्यासारखी वाटते, पण लाटेजवळच्या वाळूच्या कणांमध्ये पाणी भरलेलं असतं. चाकाचा भार पडला की कण एकमेकांवरून सरकतात आणि चाक रुततं. तोवर भरती वर येऊ लागते. शिवाय वेळासपासून खाली अनेक किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात, आणि वरून गेलेलं चाक ती वाळू दाबून टाकतं. गाडी वर लावून चालावं. खाडी ओलांडायला दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडले अशा जंगलजेट्ट्या, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटी, आहेत. त्यांत मोटरसायकल सहज चढते.

डोंगरातलं घड्याळ सूर्याच्या हातात असतं. मनाली-लेह रस्त्यावर झिंगझिंगबारच्या बाजूला बर्फाच्या पाण्याचे नाले रस्त्यावरून वाहतात. रात्री वर बर्फ गोठतं, म्हणून सकाळी पाणी घोट्याएवढं असतं. ऊन चढलं की बर्फ वितळतं, पण ते पाणी खाली पोचायला काही तास लागतात. त्यामुळे नाला सगळ्यात जोरात असतो तो दुपारनंतर, ऊन उतरू लागल्यावरसुद्धा. नेमकं तेव्हाच नवखा माणूस दिवसभर फोटो काढून तिथे पोचतो. नाला सकाळी आठ-नऊच्या आत ओलांडावा. आधी काठावर थांबून दुसरी गाडी कुठून जाते ते बघावं, मग पहिल्या गिअरमध्ये, एकसारखी रेस धरून, मध्ये न थांबता पार व्हावं. रेस सोडली तर सायलेन्सरमध्ये पाणी शिरतं.

तंगलंग ला ही खिंड 5,328 मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास निम्मा. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला पेट्रोल तेवढंच आणि हवा कमी मिळते, म्हणून ती काळा धूर सोडते, दम टाकते. इंजेक्शनची गाडी पेट्रोल आपोआप कमी करते. ताकद तरीही घटतेच. माणसाच्या शरीरात असा सेन्सर नाही. त्याला दिवस द्यावे लागतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने माझं ऐकावं आणि श्रीनगरकडून चढावं. झोजी ला 3,528 मीटर, पुढे कारगिल पुन्हा खाली 2,700च्या आसपास, मग लेह 3,500. मनालीकडून मात्र सरचूला 4,200 मीटरच्या वर झोपायची वेळ येते, आणि डोकं फुटायला लागतं ते बहुधा तिथेच, रात्री. उलट्या थांबत नसतील, तोल जात असेल, तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं.

रण आणि वाळवंटाचं घड्याळ दोन प्रकारचं. कच्छच्या रणातलं वर्षाचं घड्याळ असं की पावसाळ्यात रणात पाणी भरतं आणि दिवाळीनंतर मीठ उघडं पडत जातं. पण वरचा पापुद्रा पांढरा-कोरडा दिसला तरी खाली चिखल राहतो. खावडा-धोळावीरा रस्ता दोन्ही बाजूंच्या रणाला कापत जातो. गाडी डांबरावरच ठेवावी. दिवसाचं घड्याळ राजस्थानच्या वाळूत कळतं. पहाटे दवाने वाळू जराशी बांधलेली असते, दुपारी ती सुटी होते. टायरमधली हवा कमी केली की रबर जमिनीवर पसरतं, भार जास्त जागेवर वाटला जातो आणि चाक तरंगतं. डांबरावर आल्यावर मात्र पंपाने ती परत भरायचीच. कमी हवेचा टायर वेगात वाकत-वाकत तापतो आणि फाटतो.

म्हणून प्रवासाचा दिवस मी उलटा मोजतो. आधी अडथळा, त्याची वेळ, मग तिथपर्यंतचं अंतर, मग निघण्याची वेळ. झिंगझिंगबारचा नाला आठला ओलांडायचा असेल तर त्याच्या अलीकडच्या जिस्पाहून सहाच्या आत निघायला हवं. टाकी आदल्या दिवशीच टांडीला भरलेली हवी, कारण तिथून पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याची पाटी वर्षानुवर्षं त्या पंपावर होती. चेनला तेल रात्रीच द्यायचं, सामान रात्रीच बांधायचं.