वाचले, पण कळले का?

बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवर विप्रोचे मुख्य कार्यालय आहे. त्या परिसरात इंग्रजी म्हणजे नोकरीची पहिली पायरी, असे मानणारी नाना भाषांची कुटुंबे राहतात. तिथे मुलाने धडा घडाघडा वाचला की पालक निश्चिंत होतात. ही निश्चिंती घाईची आहे. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२३ सालच्या ग्रामीण पाहणीत १४ ते १८ वयोगटातील ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्ये वाचता आली. पण त्या वाचणाऱ्यांपैकी ७३.५ टक्क्यांनाच अर्थ सांगता आला. म्हणजे समजून वाचणारे एकूण सुमारे ४२ टक्के. वाचनाचे अभ्यासक गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाच्या आकलनाला गुणाकार म्हटले ते यासाठीच: अक्षरे उलगडणे आणि भाषा समजणे यांपैकी एक शून्य असेल, तर उत्तरही शून्य. म्हणून दोन्हींची तपासणी वेगळी हवी, आणि अर्थ मुलाला घरच्या भाषेत सांगू द्यायला हवा.

यावर आक्षेप येतो, की अर्थ घरच्या भाषेत सांगू दिला तर ती इंग्रजीची परीक्षा कसली? पण उत्तर इंग्रजीतच मागितले, तर समज आणि बोलणे यांची सरमिसळ होते, आणि लाजरे मूल उगाच नापास ठरते. खरी अडचण वेगळीच आहे. एकाच वर्गात कन्नड, तेलुगू, हिंदी, मराठी मुले असतील, तर सर्वांची उत्तरे तपासणार कोण? शब्द ऐकवून चार चित्रांतून एक निवडायला सांगणे हा त्यावर बरा उपाय. मात्र ‘कदाचित’ किंवा ‘तरीही’ यांचे चित्र काढता येत नाही, शिवाय चारांत एक नेम अंदाजानेही लागतो. तेव्हा अशा शब्दांसाठी छोटा उतारा आणि त्यावरचे प्रश्नच द्यावे लागतात.