बोट दाखवता येईल असं परकं आकाश

पावसाळा सरला की ऑक्टोबरच्या संध्याकाळी हंस तारकासमूह माथ्यापासून किंचित उत्तरेला दिसतो. शेपटीचा डेनेब, छातीतला सद्र आणि पंखावरचा जिएना हे तीन तारे धरून समांतरभुज चौकोन पुरा केला, की चौथ्या कोपऱ्यापाशी एक मंद तारा सापडतो. गावाबाहेरच्या अंधारात तो नुसत्या डोळ्यांनी जेमतेम कळतो. लहानशी दुर्बीण लावली की त्या एका टिंबाचे दोन तारे होतात, दोन्ही नारिंगी. हा ६१ सिग्नी. परग्रहावरची कथा कुठे बेतावी असं कुणी विचारलं, तर मी हाच पत्ता देईन.

हौशी माणसाचा हात या ताऱ्याला पूर्वीच लागला आहे. फ्रीडरिश बेसेल हा ब्रेमेनच्या एका व्यापारी पेढीतला उमेदवार कारकून. दिवसा हिशेबाच्या वह्या, रात्री खगोलगणित. १८०४ साली, जेमतेम विशीत, त्याने जुन्या नोंदींवरून हॅलेच्या धूमकेतूची कक्षा काढली आणि खगोलज्ञ ऑल्बर्सना दाखवली. ऑल्बर्सही हौशीच, पेशाने डॉक्टर! पुढे बेसेल क्योनिग्सबर्गच्या वेधशाळेचा प्रमुख झाला आणि १८३८ मध्ये त्याने ६१ सिग्नीचं लंबन जाहीर केलं. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना हा तारा दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत किती हलल्यासारखा दिसतो, ते त्याने मोजलं होतं. त्यावरून अंतर निघालं. आजच्या मोजमापाने ते ११.४ प्रकाशवर्षं भरतं. छतावरच्या नक्षीसारख्या आकाशाला खोली आली, ती अशा मोजमापांनी.

आणि खोली आली की तिथे जावंसं वाटतं. १९४० च्या दशकात काय स्ट्रँड या खगोलज्ञाने या जोडीच्या हालचालीतल्या बारीक फरकांवरून, गुरूच्या सुमारे १६ पट वस्तुमानाचा एक अदृश्य सोबती तिथे असावा असं मांडलं. खगोलशास्त्र शिकलेला आणि शाळेत विज्ञान शिकवणारा हॅल क्लेमेंट हा लेखक त्या आकड्यापाशी थबकला. एवढ्या जड ग्रहावर माणूस उतरणार कसा? त्याने ग्रहाला इतकी जोरदार गिरकी दिली, की तिथला दिवस जेमतेम १८ मिनिटांचा झाला. ग्रह चपटा झाला, विषुववृत्तावर गिरकीने वजन घटवलं. तिथे गुरुत्व पृथ्वीच्या तिप्पट, तर ध्रुवांवर जवळजवळ ७०० पट. १९५३ साली क्रमशः छापून आलेली ‘मिशन ऑफ ग्रॅव्हिटी’ ही कादंबरी याच मेस्क्लिन ग्रहावर घडते. तिचा नायक बार्लेनन हा गोमेसारखा, वीतभर-दोन वीत लांबीचा व्यापारी खलाशी. मिथेनच्या समुद्रावर तो तराफा हाकतो. काही इंचांवरून पडणं म्हणजे मरण, म्हणून डोक्यावर काही असण्याचीच त्याच्या लोकांना धास्ती. हे भय लेखकाने वरून चिकटवलेलं नाही, ते गुरुत्वाच्या आकड्यातून उगवलं आहे. मला या पुस्तकातलं हेच सर्वांत अद्भुत वाटतं.

स्ट्रँडचा तो सोबती पुढच्या निरीक्षणांत टिकला नाही. वाचकांनी गणित पुन्हा मांडलं, तेव्हा ध्रुवावरचं गुरुत्वही बरंच कमी भरलं. क्लेमेंटला यात गैर वाटलं नसावं, कारण लेखकाने जग रचायचं आणि वाचकाने त्यातली चूक शोधायची, हा त्याच्या लेखी खेळच होता.

तो खेळ आज कुणालाही खेळता येतो. जोडीतल्या मोठ्या ताऱ्याभोवती, पृथ्वीला मिळते तेवढीच ऊब मिळेल अशा अंतरावर एक ग्रह ठेवा. त्याचं वर्ष आपल्या साडेतीन महिन्यांचं होईल. दुसरा नारिंगी सूर्य तिथून सरासरी ८५ पृथ्वी-सूर्य अंतरांवर, म्हणजे नुसत्या डोळ्यांना टिंबच, पण पौर्णिमेच्या चंद्राहून प्रखर. वर्षाचा काही काळ तो रात्रभर तळपेल, काही काळ फक्त दिवसाच आकाशात असेल. खऱ्या काळ्या रात्री त्या दुसऱ्या ऋतूतच मिळणार. आपला सूर्य तिथून सप्तर्षींतल्या एखाद्या ताऱ्याएवढाच तेजस्वी, आणि आपण आर्गो नौकेचं शीड कल्पतो त्या भागात. तो नीट पाहायचा तर काळ्या रात्रींचाच हंगाम साधावा लागेल. मग त्यांची पंचांगं कशावर चालत असतील? प्रवास उजळ रात्रींत आणि आकाशवेध काळोखात, असे दोन धंदे, दोन जाती, दोन दैवतं तिथे झाली असतील का? पहिलं प्रकरण लिहायला एवढं पुरे आहे.