बोलणारा प्रशिक्षक आणि भांडणारे चाहते

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आमच्याकडे शाळकरी पोरापासून मोंढ्यातल्या अडत्यापर्यंत सर्वांना तोंडपाठ असते. ती कुठून आली याच्या कथा सांगणारे पुष्कळ. पण तिचा पुरावा मात्र कोणी मागत नाही. बढाई ही बढाई म्हणूनच ऐकायची, हे सांगणाऱ्याला ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही. फुटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला ही सवलत मिळत नाही. त्याने चारचौघांत उच्चारलेले वाक्य चाहते जपून ठेवतात आणि वेळ आली की त्याच्यासमोर आणून ठेवतात.

२६ मार्च २०२४ रोजी गुवाहाटीत विश्वचषक पात्रता फेरीच्या सामन्यात भारत अफगाणिस्तानकडून १-२ असा हरला. सुनील छेत्रीचा तो दीडशेवा आंतरराष्ट्रीय सामना. भारताचा एकमेव गोलही त्याचाच, पेनल्टीवरचा. दुसऱ्या दिवशी सकाळी परभणीत चहाच्या टपरीवर दोन तरुणांनी मला मध्येच गाठले. एक म्हणाला, “सर, तुम्हीच सांगा. ज्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं की तिसऱ्या फेरीत नेलं नाही तर मी जातो, त्यानं आता बॅग भरायला नको का?” दुसरा लगेच म्हणाला, “सर, याला विचारा, तो गेला की आपले फॉरवर्ड गोल करायला लागणार आहेत का?” दोघांपैकी कोणीही भारताचा सामना मैदानात बसून पाहिलेला नव्हता. संघ त्यांना माहीत होता तो मोबाइलच्या पडद्यावरून आणि प्रशिक्षकाच्या बोलण्यातून. तरी दोघेही घरचे भांडण असावे तसे भांडत होते. हे भांडण नेमके कशाचे असते, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम प्रशिक्षकाच्या शब्दाला एवढे वजन का येते, ते पाहू. आपली सवय क्रिकेटची. तिथे मैदानावरचे निर्णय कर्णधार घेतो, आणि सामन्यानंतर बहुतेक वेळा तोच उत्तर देतो. फुटबॉलमध्ये संघ कोणता, मांडणी कोणती, कोणाला बसवायचे, कोणाला उतरवायचे, हे सारे प्रशिक्षक ठरवतो. मात्र एकदा शिट्टी वाजली की त्याच्या हातात बदली खेळाडू आणि रेषेबाहेरून ओरडणे, एवढेच उरते. अधिकार मोठा आणि प्रत्यक्ष नियंत्रण थोडे, अशी त्याची चमत्कारिक अवस्था असते. उरलेली लढाई तो पत्रकार परिषदेत लढतो. तिथे त्याच्यापुढे माइक असले, तरी ऐकणारे तीन असतात: ड्रेसिंग रूममधले खेळाडू, त्याला नेमणारे पदाधिकारी आणि प्रेक्षक. धाडसी विधान यांपैकी एकाला उद्देशून असते आणि बाकीचे दोघे ते ऐकत असतात. गोंधळ होतो तो इथे.

म्हणीतल्या जर्मनीतच याची दोन गाजलेली उदाहरणे आहेत. पहिले बायर्न म्युनिकचे इटालियन प्रशिक्षक जिओव्हानी त्रापात्तोनी यांचे. आदल्या हंगामात त्यांनी बायर्नला जर्मन लीग जिंकून दिली होती. या हंगामात मात्र संघ मागे पडत होता. शाल्केकडून ०-१ अशी हार झाल्यावर १० मार्च १९९८ रोजी ते पत्रकारांसमोर आले आणि मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, टेबलावर हात आपटत, स्वतःच्याच खेळाडूंवर नावे घेऊन तुटून पडले. हे खेळाडू रिकाम्या बाटलीसारखे खेळले, असे त्यांनी सुनावले. शेवटी ‘माझे संपले’ अशा अर्थाचे जे वाक्य ते बोलले, ते व्याकरणाच्या दृष्टीने चुकीचे होते; पण आज ते जर्मन बोलीत रूढ होऊन बसले आहे. हे धाडस खालच्या दिशेने, म्हणजे खेळाडूंच्या दिशेने होते. त्या हंगामात बायर्नने जर्मन चषक जिंकला, लीग मात्र गमावली, आणि हंगाम संपताच त्रापात्तोनी गेले. जर्मन चाहत्यांना आज ते गुण आठवणार नाहीत. ते भाषण मात्र आठवते. कारण कोट्यवधींची कमाई असलेल्या खेळाडूंबद्दल सामान्य प्रेक्षकाला जे म्हणायचे होते, ते एका परक्या माणसाने अडखळत का होईना म्हणून टाकले होते.

दुसरे उदाहरण रुडी फोलर यांचे. सप्टेंबर २००३ मध्ये जर्मनीची आइसलँडशी ०-० बरोबरी झाली. टीव्हीवरच्या विश्लेषकांनी टीका केली, तेव्हा राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक असलेले फोलर थेट प्रक्षेपणातच भडकले. हे धाडस बाहेरच्या दिशेने होते. खेळाडूंच्या अंगावर येणारे दगड त्यांनी स्वतःवर घेतले. चारच दिवसांनी जर्मनीने स्कॉटलंडला २-१ असे हरवले आणि फोलर यांचा राग योग्य ठरला. पुढच्या वर्षी युरो स्पर्धेत जर्मनी गटातच गारद झाली, तेव्हा फोलर यांनी आपणहून पद सोडले. राग व्यक्त करण्याची किंमत त्यांनी स्वतःच चुकती केली, म्हणून त्यांच्याविषयीचा आदर टिकला.

आता आपल्याकडे वळू. टपरीवरचे भांडण ज्यांच्यावरून चालले होते, ते इगोर स्टिमॅच १९९८ च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाच्या संघात बचावपटू होते. मे २०१९ मध्ये ते भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले. तिन्ही दिशांना बोलणारा असा प्रशिक्षक भारताने क्वचितच पाहिला असेल.

२१ जून २०२३ रोजी बंगळूरात सॅफ स्पर्धेत पाकिस्तानविरुद्ध खेळताना त्यांनी थ्रो-इन घेणाऱ्या पाकिस्तानी खेळाडूच्या हातातला चेंडू उडवला आणि लाल कार्ड ओढवून घेतले. माफी मागणे दूरच. आपल्या पोरांसाठी गरज पडली तर पुन्हा असेच करीन, असे त्यांनी जाहीर केले. सहाच दिवसांनी कुवेतविरुद्ध त्यांना पुन्हा लाल कार्ड मिळाले. उपांत्य आणि अंतिम सामन्यात सूत्रे सांभाळली ती सहायक प्रशिक्षक महेश गवळी यांनी. गोव्याचा हा जुना बचावपटू शांतपणे रेषेजवळ उभा राहिला आणि दोन्ही सामने पेनल्टी शूटआउटवर जिंकून भारताने चषक उचलला. चाहते तेव्हा स्टिमॅच यांच्यावर खूश होते. जिंकणाऱ्या संघाच्या प्रशिक्षकाचा राग लढाऊ बाणा ठरतो. हरणाऱ्याचा तोच राग बेशिस्त ठरतो.

त्यानंतर लगेच त्यांनी वरच्या दिशेने धाडस केले. आशियात पहिल्या आठांत नसलेल्या संघांना आशियाई क्रीडा स्पर्धेला पाठवायचे नाही, या क्रीडा मंत्रालयाच्या निकषामुळे फुटबॉल संघ घरीच राहणार होता. जुलै २०२३ मध्ये स्टिमॅच यांनी थेट पंतप्रधानांना जाहीर पत्र लिहिले. त्याच महिन्यात निकष शिथिल झाला आणि पुरुष व महिला असे दोन्ही संघ पाठवण्याचे ठरले. शब्दाचा असा रोख उपयोग क्वचितच दिसतो. पण पुढची गोष्टही सांगायला हवी. क्लबांनी खेळाडू सोडण्यात खळखळ केली, संघ घाईघाईत जमवावा लागला आणि सामन्याच्या आदल्या दिवशी हांगझोऊला पोहोचलेला भारत चीनकडून १-५ असा हरला. तिथून सावरून संघ उपउपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला, एवढेच. पत्राने दार उघडले. पण आत जाण्याची तयारी पत्राच्या हातात नव्हती.

मग आले जानेवारी २०२४. कतारमधल्या आशियाई चषकात भारताने ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया यांच्याविरुद्धचे तिन्ही सामने गमावले आणि एकही गोल केला नाही. मार्चमध्ये अफगाणिस्तानशी आधी बरोबरी आणि नंतर गुवाहाटीची हार. याच सुमारास त्यांनी ते वाक्य उच्चारले होते: भारताला पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत नेले नाही, तर मी पद सोडीन. ६ जूनला कोलकात्यात छेत्रीच्या निरोपाच्या सामन्यात कुवेतशी गोलशून्य बरोबरी झाली. ११ जूनला दोह्यात कतारने १-२ असे हरवले. चेंडू रेषेबाहेर गेल्यानंतर दिला गेलेला बरोबरीचा गोल आजही वादग्रस्त आहे. तिसरी फेरी हुकली. राजीनामा आला नाही. १७ जूनला महासंघाने त्यांना दूर केले. चारच दिवसांनी त्यांनी ऑनलाइन पत्रकार परिषद घेऊन महासंघाचे अध्यक्ष कल्याण चौबे यांच्यावर थेट टीका केली. महासंघाने आरोप फेटाळले. अखेर भरपाईच्या रकमेवर तडजोड झाली.

चाहत्यांचे तट इथे स्पष्ट पडले. एक तट म्हणत होता, की शब्द दिला तर तो पाळावा. पंच, कार्यक्रम, शिबिरांचे दिवस ही सारी निमित्ते. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे, की माणूस तापट असेल, पण महासंघाच्या कारभाराबद्दल एवढे उघडपणे बोलणारा दुसरा कोण होता? नीट ऐकले तर लक्षात येते, की दोघे एकाच प्रश्नाचे उत्तर देत नव्हते. पहिला स्टिमॅच यांच्या वचनाबद्दल बोलत होता, दुसरा त्यांच्या साक्षीबद्दल. वचन मोडणाऱ्याची साक्ष खरी असू शकते. आणि साक्ष खरी आहे म्हणून मोडलेले वचन माफ होत नाही.

मग हे दोन मुद्दे इतके एकमेकांत का गुंततात? माझ्या मते याचे कारण चाहत्याच्या अंतरात आहे. कोल्हापूरचे उदाहरण घ्या. शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा दिलबहार हरली, तर संघ चालवणारी माणसे पेठेतलीच असतात. त्यांना तालमीच्या दारात उभे राहून जाब विचारता येतो. राष्ट्रीय संघाच्या बाबतीत परभणीच्या पोराला अशी सोय नाही. महासंघाच्या बैठकीत काय झाले, शिबिराचे दिवस का कमी झाले, क्लबाने खेळाडू का अडवला, यातले काहीच त्याला दिसत नाही. त्याला दिसतो फक्त माइकसमोर बसलेला एक माणूस. म्हणून सगळा हिशेब तो त्या एका माणसाच्या वाक्यांवर मांडतो. प्रशिक्षकाच्या शब्दांना जास्त भाव येतो, कारण बाकीच्यांचे शब्द बाजारात येतच नाहीत.

स्टिमॅच यांच्यानंतरचे दोन प्रशिक्षक हे म्हणणे तपासून पाहायला उपयोगी पडतात. स्पेनचे मानोलो मार्केझ एकाच वेळी एफसी गोवा आणि भारत असे दोन संघ सांभाळत होते. २५ मार्च २०२५ रोजी शिलाँगला बांगलादेशशी ०-० बरोबरी झाल्यावर त्यांनी आपला राग आणि निराशा न लपवता बोलून दाखवली. तोच माणूस मे महिन्यात गोव्याला सुपर कप जिंकून देत होता. गोव्याच्या चाहत्याला त्यांच्या बोलण्यात सच्चेपणा दिसत होता. राष्ट्रीय संघाच्या चाहत्याला अर्धे मन. भारताकडून आठ सामन्यांत एक विजय, एवढ्या शिदोरीवर जुलैमध्ये ते परस्पर संमतीने बाजूला झाले.

त्यांच्या जागी १ ऑगस्ट २०२५ रोजी खालिद जमील आले. कुवेतमध्ये जन्मलेले, मुंबईच्या फुटबॉलमध्ये खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणून घडलेले जमील पत्रकार परिषदेत दोनचार वाक्यांत आटोपण्याबद्दल प्रसिद्ध आहेत. मिझोरमच्या ऐझॉल एफसीला २०१६-१७ ची आय-लीग जिंकून देताना त्यांनी कोणतीही गर्जना केली नव्हती. काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टी शूटआउटवर हरवून भारत तिसरा आला, तेव्हा ‘बघा, न बोलता करून दाखवले’ असे कौतुक झाले. पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर आधी आघाडी घेऊनही भारत सिंगापूरकडून १-२ असा हरला आणि २०२७ च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली. स्टिमॅच यांचा मोठा आवाज आणि जमील यांचे मौन, दोन्ही अखेर त्याच भिंतीला जाऊन धडकले. ती भिंत बोलण्याने उभी राहिली नव्हती आणि गप्प राहण्यानेही पडणार नव्हती.

याचा अर्थ प्रशिक्षकाचे बोलणे निरर्थक आहे, असा नाही. ते तोलायचे कसे, एवढाच प्रश्न आहे. पुढच्या वेळी असे विधान कानी आले, की तीन गोष्टी विचाराव्यात. ते कोणाला उद्देशून होते: दुबळ्याला, की ज्याच्या हाती त्याची नोकरी आहे त्याला? ते निकालाआधी होते, की नंतर? आणि ते खोटे ठरले तर किंमत कोण मोजणार: बोलणारा, की मैदानात उतरणारी पोरे? त्रापात्तोनी, फोलर, स्टिमॅच यांना या तीन प्रश्नांवर घासून पाहिले, तर प्रत्येकाचा कस वेगवेगळा निघतो.

टपरीवरच्या त्या दोघांना मी त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. आज देता येईल. पहिल्याला सांगेन, की तू मागतोस तो हिशेब रास्त आहे, पण तो एकाच माणसाकडे मागून थांबू नकोस. दुसऱ्याला सांगेन, की साक्षीदाराला आपण वाचवले तरी खटला तसाच पडून राहतो. दोघांच्या चहाचे पैसे अर्थात मीच देईन. जगात जर्मनी आहे आणि भारतात परभणी. मधल्या भारतीय फुटबॉलचा जाब मागायला मोबाइलच्या पडद्याखेरीज दुसरी जागा त्यांना अजून मिळायची आहे.