रॉक गार्डन: चोरून उभं राहिलं, लोकांनी राखलं

चंडीगड उभारण्यासाठी वीसहून अधिक गावं उठवली गेली. वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिएच्या आखीव शहराखाली घरं गेली, मागे उरला तो राडारोडा. फाळणीत आपलं गाव गमावून आलेले नेकचंद सैनी तेव्हा सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ता निरीक्षक होते. 1957च्या सुमारास त्यांनी हा राडारोडा सायकलवरून सुखना तलावाजवळच्या रानात न्यायला आणि त्यातून पुतळे घडवायला सुरुवात केली. जागा सरकारी, बांधकामाला बंदी. त्यामुळे काम नोकरीनंतर, बहुतेक रात्रीच, जुने टायर पेटवून त्यांच्या उजेडात.

पंधरा वर्षांहून अधिक काळ हे लपून राहिलं, याचं आजही नवल वाटतं. सत्तरच्या दशकात अधिकाऱ्यांच्या नजरेस पडलं तेव्हा एकरच्या एकर जागेत पुतळ्यांची वस्ती उभी होती. नियमाप्रमाणे सगळं पाडायला हवं होतं. पण बातमी फुटली, बघ्यांची रीघ लागली आणि प्रशासनाने शहाणपण दाखवलं. 1976मध्ये ही बाग ‘रॉक गार्डन’ म्हणून रीतसर खुली झाली. नेकचंदना पगारी पद आणि पन्नास मजूर मिळाले, शहरात टाकाऊ सामान गोळा करण्याची केंद्रं उघडली. माझ्या मते या बागेच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा टप्पा. एका माणसाचा ध्यास इथून पुढे गावकीचा झाला. घरातली फुटकी कपबशी आता बागेच्या कामी येऊ लागली.

पुतळे जवळून पाहावेत. आत सायकलच्या सांगाड्याचं किंवा सळ्यांचं हाडपेर, त्यावर सिमेंट, आणि सिमेंट ओलं असतानाच दाबून बसवलेले काचेच्या बांगड्यांचे तुकडे. हिरव्या, लाल, निळ्या बांगड्यांनी मढलेल्या बायका रांगेने उभ्या आहेत. त्यांचे चेहरे जवळपास सारखे, पण अंगावरचा रंग प्रत्येकीचा वेगळा. भिंतींवर चिनी मातीचे फ्यूज आणि सॉकेट, कुठे फुटक्या संडासाच्या भांड्यांचे तुकडे. डांबराच्या पिंपांचे साचे करून ओतलेली भिंत एरवी नुसती राखाडी दिसली असती, इथे ती किल्ल्याच्या तटासारखी भासते. दरवाजे मुद्दाम ठेंगणे केले आहेत. आत जाताना मोठा साहेबही वाकतो.

पुढे मानसन्मान आले. 1983मध्ये टपाल तिकीट, 1984मध्ये पद्मश्री, नंतर वॉशिंग्टनमध्येही त्यांच्या शिल्पांची बाग. पण घरच्या मैदानावर लढाई संपली नव्हती. ऐंशीचं दशक सरता सरता बागेतून रस्ता काढायला बुलडोझर आले, तेव्हा शेकडो नागरिक मानवी साखळी करून आडवे उभे राहिले आणि बाग वाचली. 1996मध्ये नेकचंद परदेशी असताना प्रशासनाने माणसं काढून घेतली, आणि समाजकंटकांनी पुतळे फोडले. त्यानंतर स्थापन झालेल्या नेकचंद फाउंडेशनमार्फत देशोदेशींचे स्वयंसेवक डागडुजीला येऊ लागले.

12 जून 2015 रोजी नेकचंद गेले. मार्च 2025मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाकडे जाणारा रस्ता रुंद करण्यासाठी आणि वाहनतळासाठी बागेच्या भिंतीचा एक भाग प्रशासनाने पाडला. गाड्या लावायला दुसरी जागा शोधता येते; नेकचंदांच्या देखरेखीत उभी राहिलेली भिंत पुन्हा कोण बांधणार? लोक या वेळीही जमले, झाडांसाठी आणि भिंतीसाठी भांडले. भिंत मात्र वाचली नाही.