आजोबा अडकले मशीनमध्ये!

शुक्रवारची रात्र, साडेअकरा. रविवारी आजीचं सहस्रचंद्रदर्शन. शनिवारी सकाळी दहाच्या आत पुस्तिका छापायला द्यायची. आणि नेमकं तेव्हाच माझं मशीन सुरू व्हायला तयार नाही! लॅपटॉप ठणठणीत होता हं. बंद पडलं होतं ते लॅपटॉपच्या पोटातलं मशीन.

गोंधळलात? सांगते. व्हर्च्युअल मशीन म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर. तुमच्या ऑफिसातली टेस्टिंगवाली मंडळी ते रोज वापरत असतील. माझ्याकडे ते आलं बाबांमुळे. २००३ साली आजोबांनी आपल्या आठवणी सांगितल्या आणि बाबांनी त्या पेजमेकरमध्ये टाइप केल्या, तेही युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नसला की मजकुराची नुसती खिचडी. म्हणून बाबांच्या पीसीवरचं अख्खं विंडोज एक्सपी मी व्हर्च्युअलबॉक्समध्ये जपून ठेवलंय. एक्सपीचा सपोर्ट २०१४ मध्येच संपला, पण आमच्या घरात ते आजोबांपुरतं जिवंत आहे.

चूक माझीच. लॅपटॉपची डिस्क फोटो आणि सीरियल्सनी काठोकाठ भरलेली. काम करता करता मशीन थबकलं. मी वैतागून लॅपटॉपचं पॉवर बटण दाबून धरलं. परत चालू केलं, तर मशीनच्या नावाखाली एकच शब्द : ‘इनॲक्सेसिबल’. पोटात गोळाच आला. त्या पानांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

सिस्टिम ॲडमिन असलेल्या मित्राला उठवलं. ‘‘कशालाही हात लावू नकोस,’’ हे त्याचं पहिलं वाक्य. ‘‘डिलीट नाही, रिमूव्ह नाही. आधी अख्खं फोल्डर एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी कर.’’

कॉपी होईपर्यंत त्याने समजावलं, ‘‘अगं, मशीन म्हणजे शेवटी त्या फोल्डरमधल्या फाइल्स. मोठी व्हीडीआय फाइल ही त्याची हार्ड डिस्क. छोटी व्हीबॉक्स फाइल म्हणजे त्याची कुंडली. मेमरी किती, कुठली डिस्क कुठे जोडलीय, सगळं त्यात.’’

माझी डिस्क जागेवर होती. कुंडली मात्र शून्य केबी! शेजारीच ‘व्हीबॉक्स-प्रीव्ह’ नावाची फाइल होती, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सने स्वतःच ठेवलेली कुंडलीची आधीची प्रत. मग व्हर्च्युअलबॉक्स बंद केलं, सीरियल्स उडवून डिस्कवर जागा केली, रिकामी फाइल बाजूला ठेवली आणि जुन्या प्रतीची कॉपी काढून तिला मूळ नाव दिलं.

एक वाजून दहा मिनिटं. स्टार्ट. काळी स्क्रीन. मग एक्सपीने सावकाश आपली डिस्क तपासली. आणि मग तो ओळखीचा हिरवा डोंगर, निळं आकाश! आधी पानांची पीडीएफ काढली, सगळ्या भावंडांना मेल केली, मगच पाणी प्यायले.

रविवारी आजीने पुस्तिका उघडली. चष्मा सारखा करत दोन पानं वाचली आणि म्हणाली, ‘‘अगदी असंच बोलायचे गं ते.’’

सोमवारपासून मी सगळा मजकूर युनिकोडमध्ये बदलायला बसलेय. पुढच्या वेळी मशीनला रुसायचं तर खुशाल रुसू दे.

तुमचंही मशीन रुसलं तर?

* आधी कॉपी, मग उपचार. लॅपटॉपच्या डिस्कवर मोकळी जागा आहे ना, तेही बघा.

* कुंडलीची जुनी प्रतही नसेल, तर नवं मशीन बनवून त्याला जुनी व्हीडीआय जोडा. एक्सपी असेल तर डिस्क आयडीईवर लावा. साटावर लावलीत तर बहुधा निळी स्क्रीन दिसेल.

* स्नॅपशॉट घेतले असतील तर नुसती मूळ डिस्क जोडून मशीन चालवू नका. नंतरचे बदल वेगळ्या फाइल्समध्ये असतात आणि मूळ डिस्क बदलली की साखळी तुटते.

* फक्त एखादी फाइलच हवीय? सेव्हन-झिपने व्हीडीआय उघडून ती बाहेर काढता येते.

* आणि बॅकअप घ्या. मशीन नीट चालतंय, तेव्हाच!