फोटो दिसतो, पण मूळ फाइल कुठे आहे?

शाळेची स्मरणिका काढायचे ठरले की संपादक मंडळ आधी संगणक कक्षाकडे वळते. जुन्या स्नेहसंमेलनांचे, सहलींचे, सव्वीस जानेवारीच्या संचलनाचे फोटो संगणकात असतात आणि पडद्यावर छान दिसतातही. पण त्यातला एखादा छापखान्यात पाठवायला जावे, तर मूळ फाइल सापडत नसल्याचा संदेश येतो किंवा फोटोच्या कोपऱ्यात उद्गारचिन्ह उमटते. मग कुणीतरी म्हणते, "फोटो उडाले!" बहुतेक वेळा ते उडालेले नसतात, त्यांची जागा बदललेली असते. ती शोधून काढणे आठवीच्या विद्यार्थ्यालाही जमण्यासारखे आहे.

फाइल सापडत नसताना फोटो दिसतो कसा? शाळेच्या ग्रंथालयात पूर्वी कार्डांचे कपाट असे. कार्डावर पुस्तकाचे नाव आणि कपाटाचा क्रमांक. पुस्तक मात्र दुसरीकडे. फोटोंची मांडणी करणारे बरेच प्रोग्रॅम असेच चालतात. ॲडोबीचा लाइटरूम त्यातलाच एक. फोटो 'आत घेतला' असे आपण म्हणतो, पण फाइल डिस्कवरच्या फोल्डरमध्येच राहते. प्रोग्रॅम फक्त एक कार्ड तयार करतो, त्यावर फाइलचा पत्ता लिहितो आणि ओळख पटावी म्हणून लहानशी प्रतिमा चिकटवतो. आपल्याला दिसते ती ही प्रतिमा. मॅक संगणकावरच्या ॲपलच्या 'फोटोज'मध्ये फाइल लायब्ररीच्या आत कॉपी करून घेता येते आणि बाहेर आहे तिथे ठेवताही येते, त्यामुळे तिथे आपण काय केले होते हे आधी पाहावे लागते.

पुस्तक दुसऱ्या कपाटात हलवले तर कार्डाला कळत नाही. इथेही तेच होते. कुणी फोल्डरचे नाव बदलते, कुणी फाइली 'नीट लावून' ठेवते. नवा संगणक आला की लायब्ररी कॉपी होते आणि फोटोंचे फोल्डर जुन्यातच राहतात. आपल्यासारख्या गावात तर आणखी एक गंमत. एकाच कार्यक्रमाच्या फोल्डरला मराठीचे सर 'स्नेहसंमेलन' म्हणतात, कार्यालय 'वार्षिकोत्सव' लिहिते आणि फोटोग्राफर 'ॲन्युअल डे'. त्यामुळे कार्यक्रमाच्या नावाने शोध घेतला तर हाती काही लागेलच असे नाही.

शोधाआधी एक पथ्य पाळावे. उद्गारचिन्ह दिसले म्हणून तो फोटो लायब्ररीतून काढून टाकू नये. ते कार्ड हाच आपला पुरावा आहे. फाइलचे नाव, फोटो काढल्याची तारीख, शेवटचा पत्ता आणि कुणी कष्टाने लिहिलेली माणसांची नावे, सारे त्यावरच असते. हे सर्व आधी वहीत उतरवून घ्यावे.

मग पत्त्याचे पहिले अक्षर पाहावे. विंडोज संगणकाला बाहेरून जोडलेल्या हार्ड डिस्कचे अक्षर बदलू शकते. काल जी 'ई' होती ती आज 'एफ' होते. पत्त्यातले एवढे एक अक्षर चुकले की त्या डिस्कवरचे सगळेच फोटो एकदम हरवल्यासारखे दिसतात. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून जुने अक्षर परत दिले की सगळे जागेवर येतात. एकाच वेळी शेकडो फोटो गायब झाले असतील तर हेच कारण आधी तपासावे. आणि हो, डिस्क जोडलेली तरी आहे ना, हेही!

तरीही सापडले नाहीत तर फाइलच्या नावाने संपूर्ण संगणकात शोध घ्यावा. कॅमेरा फाइलला चार आकडी क्रमांक देतो, उदाहरणार्थ 'डीएससी_०४१२', आणि ९९९९ झाले की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. म्हणून एकाच नावाचे तीन वेगळे फोटो मिळाले तर चक्रावून जाऊ नये. काढल्याची तारीख जुळवून पाहावी. ही तारीख कॅमेराच फाइलच्या आत लिहून ठेवतो. मात्र बॅटरी पूर्ण संपून कॅमेऱ्याचे घड्याळ मागे गेले असेल तर तीही चुकीची असते. अशा वेळी आजूबाजूचे क्रमांक पाहावेत. ०४११ आणि ०४१३ त्याच कार्यक्रमाचे असतील तर ०४१२ सुद्धा त्याचाच.

एकाच फोटोच्या अनेक प्रती मिळाल्या तर मूळ कोणती? सहसा जिची लांबी-रुंदी सर्वांत जास्त ती. छपाईसाठी एका इंचाला ३०० बिंदू धरतात. सहा बाय चार इंचाच्या फोटोला १८०० गुणिले १२०० बिंदू हवेत. जुन्या ६ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची फाइल साधारण ३००० गुणिले २००० बिंदूंची असते, म्हणजे दहा इंच रुंद छापता येते. ३२० बिंदूंची प्रतिमा मात्र जेमतेम एक इंच! नावात 'डब्ल्यूए' असलेली फाइल ही व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत असते. मूळ पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये असू शकते.

आता पिकासाविषयी थोडे सविस्तर, कारण त्या काळातले कितीतरी घरांतले आणि शाळांतले फोटो त्यात लावलेले आहेत. गूगलने २००४ मध्ये तो विकत घेतला आणि मार्च २०१६ मध्ये त्याचे काम थांबवले. पिकासात फोटो कापला, उजळ केला आणि 'सेव्ह' केले की बदललेली फाइल जुन्या नावाने राहत असे आणि मूळ फाइल त्याच फोल्डरमधल्या 'पिकासाओरिजिनल्स' नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये जात असे. विंडोजमध्ये लपलेल्या गोष्टी दाखवण्याची खूण केली की तो दिसू लागतो. गटाच्या फोटोत कडेला उभे असलेले शिपाईमामा 'फोटो नीट बसावा' म्हणून कापले गेले असतील, तर ते तिथे अजूनही उभे सापडतील. मात्र संपूर्ण फोल्डर कॉपी न करता दिसणारे फोटोच निवडून नव्या संगणकात नेले असतील, तर लपलेला फोल्डर जुन्या संगणकात राहिला असणार. म्हणून जुना संगणक भंगारात देण्याआधी विश्वस्तांनी एवढी चौकशी जरूर करावी.

फोनची गोष्ट निराळी. जागा मोकळी करण्याच्या सोयीने मूळ फोटो फोनमधून निघून गूगल किंवा ॲपलच्या खात्यात राहतात. तिथे प्रश्न एवढाच की खाते कोणाचे? निवृत्त झालेल्या बाईंच्या खात्यात शाळेचे फोटो असतील तर ते वेळीच उतरवून घ्यावेत, कारण दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती डिसेंबर २०२३ पासून गूगल काढून टाकू शकते.

कॅमेऱ्याच्या कार्डावरून फोटो खरोखरच पुसले गेले असतील तर त्या कार्डावर नवा फोटो काढू नये. फोटोरेकसारखा मोफत प्रोग्रॅम पुसलेले पुष्कळदा परत आणतो, पण जागेवर नवे लिहिले गेले नसेल तरच.

शेवटची जागा संगणकाबाहेरची आहे. पूर्वी फोटोग्राफर बिलासोबत सीडी देत असे, आणि ती बिलाच्याच फायलीत लावली जाई. हिशेबाचे कपाट उघडून पाहावे. सीडीवरचा थर ऊन आणि उष्णतेने खराब होतो, म्हणून सापडताच तिची नक्कल करून घ्यावी. नव्या लॅपटॉपला सीडीची जागा नसली तरी बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मिळतो.

फाइल सापडली की तिला हलवू नये. लाइटरूममध्ये उद्गारचिन्हावर क्लिक करून तिची नवी जागा दाखवावी. शेजारचे हरवलेले फोटोही शोधण्याची खूण तिथेच असते. पुढे फोल्डरचे नाव बदलायचे झाले तर ते त्या प्रोग्रॅममधूनच बदलावे.

ज्या पालकांकडे आणि माजी विद्यार्थ्यांकडे शाळेचे जुने फोटो आहेत, त्यांनी ते पेन ड्राइव्हवर आणून द्यावेत. व्हॉट्सॲपनेच पाठवायचे असतील तर फोटो म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावेत, आणि सोबत वर्ष व फोटोतल्या माणसांची नावे लिहावीत.